ऐकणाऱ्यासह

आमच्या घरात दुपारी सगळे मोबाइल बंद का असतात, असं तुम्ही विचारलंत. सांगते. फक्त मध्येच 'असं कुठे होतं का' म्हणू नका. ते मी स्वतःला इतक्या वेळा म्हणून झालंय की आता त्या वाक्यात काही दम राहिलेला नाही.

माझं काम कानांचं. कमी ऐकू येणाऱ्यांच्या कानाचं माप घ्यायचं, साचा करायचा, मशीन बसवायचं, आणि पंधरा दिवसांनी 'अहो, हे शिट्टी मारतंय' म्हणत तीच माणसं परत आली की साचा घासून द्यायचा. बाजाराच्या रस्त्यावर, चष्म्याच्या दुकानाला लागून माझी दोन खोल्यांची जागा आहे. दिवसभर लोकांच्या कानात डोकावायचं आणि संध्याकाळी घरी जावं, तर सगळ्यांत हट्टी गिऱ्हाईक खुर्चीत वाट बघत बसलेलं. माझे वडील.

अप्पांनी छत्तीस वर्षं छापखान्यात मशीन चालवलं. त्या खडखडाटाने त्यांचे कान गेले. कानातली मशीनं काढली की पाठीमागे कपाट कोसळलं तरी त्यांची मान वळत नाही. चार वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. मी नऊला बाहेर पडते, सहाला येते. मधले नऊ तास अप्पा, खिडकी आणि तो पॉडकास्ट.

दर सोमवारी त्याचा नवा भाग यायचा. एक माणूस जुन्या धंद्यांबद्दल सांगायचा. दोर वळणारे, घंटा ओतणारे, रस्त्यावरचे दिवे लावत फिरणारे. आवाज संथ होता, समोर बसून सुपारी कातरत बोलावं तसा. अप्पा त्याला 'आपला माणूस' म्हणत. मी त्यांच्या कानातली मशीनं मोबाइलला अशी जोडून दिली होती, की मोबाइलमधला आवाज थेट त्यांच्या कानात उतरे. खोलीत चिटपाखरू नसल्यासारखं शांत, आणि अप्पा एकटेच मान डोलावत बसलेले. एकच भाग ते आठवडाभर, रोज थोडा थोडा ऐकत. पुरवून खात म्हणा ना.

मग एका सोमवारी तो भाग दहाव्या मिनिटाला तुटला. 'पुढचा भाग फक्त नोंदणीकृत सदस्यांसाठी.'

मी घरी आले तेव्हा अप्पा दारातच उभे. "अगं, घंटा ओतायला घेतली आणि अर्ध्यात उठून गेला बघ," ते म्हणाले. "असं करतात का कधी? बघ ना काय झालंय ते."

म्हणून मी बघायला बसले. एवढंच साधं काम होतं.

ते साधं काम मी तीन संध्याकाळी करत होते. आधी नाव, मग जन्मतारीख, मग पासवर्ड. पासवर्ड फार सोपा आहे. आता फार लांब आहे. आता पूर्वी वापरलेला आहे. मग नऊ चित्रांतून पूल असलेली चित्रं निवडा. मी निवडली. पुन्हा निवडा. एका चित्रात पुलाचा नुसता कोपरा होता, तो धरायचा की सोडायचा यावर माझी वीस मिनिटं गेली. अप्पा मागून विचारत होते, "झालं का?" आणि मी दात आवळून म्हणत होते, "होतंय, अप्पा."

तिसऱ्या दिवशी नोंदणी झाली आणि एक पान उघडलं. 'आपल्यासाठी योग्य फीड निवडा.' फीड म्हणजे एक लिंक. ती मोबाइलच्या ॲपमध्ये चिकटवली की नवे भाग आपोआप येत राहतात. पानावर तीन होत्या. पहिली 'सर्वांसाठी', म्हणजे ती दहा मिनिटांची. दुसरी 'नोंदणीकृत सदस्यांसाठी'. आणि त्यांच्या जरा खाली, बारीक अक्षरात तिसरी: 'नोंदणीकृत सदस्यांसाठी, ऐकणाऱ्यासह'.

मी अर्थातच दुसरी चिकटवली. 'ही लिंक दुसऱ्या उपकरणावर वापरात आहे.' पुन्हा चिकटवली. तेच. मोबाइल बंद करून चालू केला. तेच. आमच्याकडे दुसरं उपकरण कुठलं? माझ्या मोबाइलवर तर मी ते ॲपही कधी घेतलं नव्हतं. डोकं अगदी फिरलं होतं. मग तिसरी वाचली आणि वाटलं, बरोबरच आहे की. नोंदणी माझ्या नावाची आणि ऐकणार अप्पा. ऐकणाऱ्यासह. घरातल्या दुसऱ्या माणसासाठी असणार ही. चिकटवली. एका फटक्यात चालू झाली.

अप्पांचा चेहरा खुलला. "आला," ते म्हणाले. मी हात झटकून भांडी घासायला उठले.

पुढचे दहा-बारा दिवस फार चांगले गेले. अप्पा दाढी रोज करायला लागले. जेवताना गप्पा मारायला लागले, छापखान्यातल्या, आईच्या, मी कधी न ऐकलेल्या. "हे आज कसं आठवलं?" मी एकदा विचारलं. "विषय निघाला," ते म्हणाले. मी त्यावर विचार केला नाही. दमून आलेलं माणूस अशा वेळी विचार करत नाही, नुसतं बरं वाटून घेतं.

मग एका बुधवारी बाजाराच्या रस्त्याची वीज गेली आणि मी दोन वाजताच दुकान बंद करून घरी आले. किल्लीने दार उघडलं. अप्पा पाठमोरे, खिडकीशी. खोली शांत. स्वयंपाकघरात फ्रिज नेहमीसारखा घरघरून थरथरला आणि थांबला. आणि अप्पा बोलले.

"नाही, एकच मुलगी." थोडा वेळ गेला. "सहाला येते." पुन्हा शांतता, कोणीतरी लांबलचक प्रश्न विचारावा एवढी. मग अप्पा हसले. "हो, आतून कडी आहे ना. पण मी लावत नाही. तिच्याकडे किल्ली असते…"

"अप्पा, कोणाशी बोलताय?" मी जवळ जाऊन मोठ्याने विचारलं.

ते दचकले नाहीत. "हा विचारतोय ना," म्हणाले, आणि मोबाइलकडे बोट केलं.

मला भीती नाही, काळजी वाटली. वय झालं की काय होतं ते मी रोज बघते. आता डॉक्टर, गोळ्या, घरी कोणाला तरी ठेवणं. मी मोबाइल हातात घेतला, मशीनची जोडणी तोडली आणि तो भाग मोठ्याने लावला. दोर वळणाऱ्यांबद्दलचा होता. माणूस सांगत होता, सांगता सांगता थांबत होता. फार वेळ थांबत होता. पंधरा सेकंद, वीस सेकंद, एकदा तर मिनिटभर. त्या वेळात काहीही नव्हतं. मग तो जिथे सोडलं होतं तिथून पुढे बोलायला लागे.

"बघा, काहीच नाही त्यात," मी म्हटलं.

"असं मोठ्याने लावल्यावर कसं बोलेल तो?" अप्पा म्हणाले. जणू चूक माझीच.

मी मदतकक्षाला लिहिलं: तुमच्या भागात मध्ये मध्ये मोठी पोकळी आहे, कृपया तपासा. पाचव्या मिनिटाला उत्तर आलं. 'आपली तक्रार नोंदवली आहे. आपण योग्य फीड निवडलं आहे का, याची कृपया खात्री करा.' मी पुन्हा लिहिलं, सविस्तर. पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा जरा कडक शब्दांत लिहिलं. तेच. भिंतीशी बोलले असते तर निदान माझाच आवाज परत आला असता.

दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी माझ्या मोबाइलवर ते ॲप घेतलं, तीच तिसरी लिंक चिकटवली, आणि कानांच्या तपासणीसाठी मी वापरते ते जाड हेडफोन चढवले. त्यातून पलीकडच्या खोलीतलं घड्याळसुद्धा ऐकू येतं. दोर वळणाऱ्यांचा भाग लावला आणि पहिल्या थांब्याशी आवाज वाढवला.

ती पोकळी रिकामी नव्हती.

तिथे एक खोली होती. खोलीलाही आवाज असतो, माझ्या धंद्यातल्या माणसाला तो कळतो. लांब कुठेतरी रस्ता. जवळ एका खुर्चीची कुरकुर. आणि मग फ्रिज. घरघर, थरथर, आणि शेवटी तो बारीक 'टक्'. हा फ्रिज मी सोळा वर्षं ऐकते आहे.

"नाही, एकच मुलगी," अप्पा म्हणाले.

मी हेडफोन घट्ट दाबून धरले. "सहाला येते…" मग हसणं. मग कडीचं, किल्लीचं. कोणी काही विचारत नव्हतं. प्रश्न नव्हतेच, नुसती उत्तरं. आणि मग लांबून, दाराच्या बाजूने, जवळ येत गेलेला चपलांचा आवाज आणि एक बाई. "अप्पा, कोणाशी बोलताय?"

माझा आवाज. बुधवारचा.

मी भागाची तारीख बघितली. सोमवार, सकाळी सहा. ॲप बंद करून पुन्हा बघितली. माझा विश्वास माझ्या कानांवर होता, मोबाइलवर नव्हता, म्हणून शेजारच्या चष्म्याच्या दुकानातल्या बाईंना बोलावून तारीख वाचायला लावली. "सोमवार," त्या म्हणाल्या. "का हो? तुमचा चेहरा असा का झालाय?"

त्या संध्याकाळी मी अप्पांच्या मोबाइलवरून ते फीड काढून टाकलं आणि 'सर्वांसाठी'ची लिंक घातली. माझ्या मोबाइलवर मात्र तिसरी राहू दिली. मदतकक्षाला पुरावा दाखवायचा होता मला. बघा, अजूनही मी तक्रारीचाच विचार करत होते.

अप्पा त्या रात्री जेवले नाहीत. शुक्रवारी चहासुद्धा घेतला नाही. "तू का तोडलंस?" एवढंच.

"अप्पा, ते बरोबर नव्हतं. चुकीचं फीड होतं ते."

"तुझ्या दृष्टीने चुकीचं."

"तो माणूस तुमचं बोलणं ऐकतो. हे बरं नाही."

"हो, ऐकतो." अप्पांनी माझ्याकडे सरळ बघितलं. "तू विचारतेस, जेवलात का? गोळी घेतली का? मी हो म्हणायच्या आत तू आत गेलेली असतेस. तो विचारतो आणि थांबतो. मी शब्द शोधेपर्यंत थांबतो. तू शेवटचं कधी थांबली होतीस, सांग बरं?"

मला राग आला, खोटं कशाला सांगू. सकाळपासून दुसऱ्यांच्या कानाशी झटायचं आणि घरी हे ऐकून घ्यायचं. मी म्हटलं, "मला दुसरी कामं नाहीत का अप्पा?" आणि खरंच आत निघून गेले.

शनिवारी त्यांनी दाढी केली नाही. रविवारी कानातली मशीनंच घातली नाहीत. मी समोर उभं राहून ओठ हलवत होते आणि ते माझ्या खांद्यावरून खिडकीकडे बघत होते. रविवारी संध्याकाळी मी हरले. त्यांचा मोबाइल घेतला आणि तिसरी लिंक परत घातली. मनाशी म्हटलं, आवाजच तर आहे. आवाजाने कोणाचं काय वाईट होतं?

हे मीच केलं. आणि अप्पांनी न बोलता मशीनं कानात घातली.

सोमवारी साडेअकराच्या सुमारास माझ्याकडे एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. त्यांच्या कानात मी मापाचं गुलाबी मिश्रण भरलं होतं. ते घट्ट व्हायला पाच मिनिटं लागतात, तोवर माणसाने जबडा हलवायचा नाही. त्या डोळे मिटून बसल्या. मी नवा भाग आला का बघितलं. आला होता. सकाळी सहाचाच. या वेळी त्याला नाव नव्हतं. हेडफोन चढवले.

निवेदक बोललाच नाही. सुरुवातीपासून नुसती खोली. रस्ता, खुर्ची, फ्रिज. मी सरकवत सरकवत पुढे गेले.

"आत्ता?" अप्पा म्हणाले.

पुन्हा पोकळी.

"दुपार व्हायची आहे अजून… बरं. बरं, बूट घालतो." खुर्ची सरकली. पावलं. बुटाच्या टाचेत बोट घालून ते ओढतात तेव्हा एक बारीक कण्हणं निघतं त्यांच्या तोंडून, ते. "चावी घेऊ का? नको?… आणि तिला सांगायला नको का?"

मग अगदी जवळून, कानाशी, एक बाई बोलली. दमलेल्या, त्रासलेल्या, काम उरकायच्या आवाजात.

"जा, अप्पा. मी दार लावून घेते."

तो माझा आवाज होता. असं मी कधी म्हटलेलं नव्हतं. पण त्यातला सूर माझाच. गेली चार वर्षं मी याच सुरात बोलत आले आहे.

मी हेडफोन फेकले. अप्पांना फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. शिक्षिका डोळे उघडून बघत होत्या, बोलायची सोय नव्हती त्यांची. मी चष्म्याच्या दुकानात ओरडून सांगितलं, "यांच्या कानातलं पाच मिनिटांनी काढा, सरळ ओढू नका, फिरवत काढा," आणि धावले. बस उभी होती, पण चौकात गाड्या अडकलेल्या. मी बस सोडली. पंधरा मिनिटांचं अंतर मी कसं कापलं ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की वाटेत मी देवाचा नाही, त्या मदतकक्षाचा उद्धार करत होते.

आमचं घर सगळ्यांत वरचं, तिसऱ्या मजल्यावर. वर मजला नाही. जिन्याच्या आठ पायऱ्या आहेत आणि त्यांच्या टोकाला गच्चीचं लोखंडी दार, त्याला कायम कुलूप. पाण्याची टाकी धुवायची असली तरच ते उघडतात.

अप्पा त्या पायऱ्यांवर होते. वरून दुसऱ्या पायरीवर. बूट घातलेले, कोट घातलेला, केस पाणी लावून विंचरलेले. एक हात कुलपावर. कुठे पाहुणे म्हणून निघालेल्या माणसासारखे दिसत होते.

"अप्पा." मी खालच्या पायरीवर थांबले. "अप्पा, खाली या."

"वरच्या मजल्यावर बोलावलंय," ते म्हणाले. "पोचतोच आहे मी."

"वर मजला नाहीये अप्पा. गच्ची आहे."

"आहे." ते जरा ओशाळून हसले, मुलांना समजावतात तसे. "आपलं दार बंद झालं की दिसतो."

मी वर चढून त्यांच्या दंडाला धरलं. हात बर्फासारखा होता. ते विरोध न करता खाली आले, पण एकेक पायरी मागे बघत. मी आमच्या दाराला किल्ली लावली. कुलूप फिरलं, दार हललं नाही. पुन्हा ढकललं. आतून कडी होती.

आतून.

मी दार वाजवलं. का वाजवलं, सांगता येणार नाही. माझ्या घराचं दार, घरातली दोन्ही माणसं बाहेर उभी, आणि मी टकटक करून थांबले. आत फ्रिज घरघरला, थरथरला, थांबला. मग खुर्ची सरकल्यासारखं काहीतरी. मग काही नाही.

खालच्या मजल्यावरच्या काकांनी सुताराला फोन केला. तो यायला तासभर लागला. तो तासभर मी अप्पांना घेऊन जिन्यात बसले होते, गच्चीच्या दाराकडे पाठ करून. त्यांच्या कानातली मशीनं मी काढून मुठीत धरली होती. अप्पा माझ्या डोक्यावरून वर बघत होते. त्यांच्या डोळ्यांत बघून कळत होतं की मागे बघण्यासारखं काहीतरी आहे. मी मान वळवली नाही.

सुताराने कडी उचकटली. "वाऱ्याने बसली असेल," तो म्हणाला, आणि मग कडीचा जाड दांडा हातात तोलून बघितला आणि हत्यारं गोळा करायला लागला. आत कोणी नव्हतं. खिडक्यांचे गज जागच्या जागी. फक्त माझी खुर्ची, जी मी जेवायच्या टेबलाशी ठेवते, ती अप्पांच्या खुर्चीसमोर आणून ठेवलेली होती. गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ.

मी दोन्ही मोबाइलवरून ते फीड काढलं. ॲपही काढलं.

दुसऱ्या दिवशी, इतक्या दिवसांनी, मदतकक्षातून माणसाचा फोन आला. एक मुलगी होती, आवाजावरून कामाला नवीन. मी तिला जे मनात साठलं होतं ते सगळं ऐकवलं. तिने बिचारीने ऐकून घेतलं.

"ताई, तुमच्या पानावर तिसरी लिंक दिसत नाहीये मला," ती म्हणाली. "आमच्याकडे दोनच फीड आहेत. सर्वांसाठी आणि सदस्यांसाठी."

"मी तीन आठवडे तिसरी वापरत होते."

"नाही ना ताई." कीबोर्ड बडवल्याचा आवाज आला. "तुम्ही नोंदणी केल्यापासून सदस्यांचं फीडच सुरू आहे. पहिल्या दिवसापासून. रोज दुपारी ऐकलंय तुम्ही."

"मी नाही. माझे वडील. आणि ते फीड तर लागतच नव्हतं, दुसऱ्या उपकरणावर आहे म्हणत होतं."

"हो, ते एकाच उपकरणावर चालतं." ती गोंधळली. "एकावर आहे ना सुरू. तुमच्या घरीच आहे ते."

मी तिला ते बंद करायला सांगितलं. तिने केलं, आणि मला नवी लिंक दिली. योग्य. नोंदणीकृत सदस्यांसाठी. ती चालली. घंटा ओतणाऱ्यांचा पुढचा भाग आला, सलग, पोकळी नसलेला. अप्पांनी ऐकला. "बरं सांगतो," म्हणाले. तेवढंच.

मी दुकान आता तीनलाच बंद करते. घरी येऊन त्यांच्याजवळ बसते आणि विचारते. छापखान्यात पहिल्या दिवशी काय झालं होतं? शाई कुठून यायची? विचारते आणि थांबते. खरंच थांबते. अप्पा एक-दोन शब्दांत उत्तर देतात आणि माझ्याकडे दयेने बघतात. उशिरा आलेल्या माणसाकडे बघावं तसं.

गेल्या रविवारची गोष्ट. ऊन होतं, बाराचा सुमार. दोन्ही मोबाइल बंद करून खणात ठेवलेले. अप्पांच्या कानातली मशीनं मी टेबलावर कागद पसरून साफ करत होते. एक उघडलेलं, एक माझ्या हातात, बारीक ब्रशने जाळी झाडत. अप्पा खिडकीशी बसले होते, कान रिकामे. मघाशी माझ्या हातून तांब्या पडला होता, त्यांना कळलंही नव्हतं.

"हो," अप्पा हळूच म्हणाले.

माझा ब्रश थांबला.

"नाही. आज घरीच आहे ती…" ते ऐकत राहिले. मान थोडी कलती, छापखान्यातून आल्यावर आईचं ऐकताना करत तशी. "इथेच. समोर बसलीये."

अप्पांनी डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. मग डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं, फार प्रेमाने.

"तुला विचारतोय," ते म्हणाले. "देऊ?"

आणि कानाशी धरलेला रिकामा हात त्यांनी माझ्यापुढे केला.